एक टोक की दोन

मंगळ., ६ जाने., सांगली

कच्. कात्रीचा आवाज आला म्हणजे तार दबून तुटली, टोक आलं नाही. लॅबच्या मदतनीस नामदेवकाकांनी तार उजेडाला धरली, मान हलवली.

"ग्येली. आज हात जड हाय. डबीतली घ्या म्याडम."

नव्या टिपांच्या, म्हणजे टोकदार कापलेल्या तारांच्या, डबीतून एक दिली. बसवली. फरशीखालच्या ट्रकच्या ट्यूबमध्ये काकांनी सायकलच्या पंपानं हवा भरली. शहाबादी फरशी हवेवर तरंगते, तिच्यावर आमचा मायक्रोस्कोप. ११.४० ला टिप ग्रॅफाइटकडे सरकवायला सुरुवात. प्लॅटिनमचं टोक न टेकता थांबलं पाहिजे, दोन-तीन अणूंचं अंतर ठेवून. करंट आला. थांबलं.

पहिली तीन चित्रं नेहमीची. अणूंचे ठिपके, ओळीत. चौथ्यात उजव्या बाजूला अणूंच्या जाळीवर दुसरी मोठी जाळी. दर सोळा-सतरा अणूंनी एक ठळक ठिपका. मोजलं: चार नॅनोमीटर. म्हणजे वरचा थर खालच्या थरावर साडेतीन अंश फिरलेला.

चार वर्षं हेच शोधते आहे.

टिप ठिपक्यावर उभी केली, व्होल्टेज उण्याकडून अधिककडे नेलं, करंट नोंदवला. आलेखात दोन उंचवटे. डावीकडच्या साध्या भागावर नेली. उंचवटे नाहीत. परत ठिपक्यावर. आहेत.

थर फिरला की इलेक्ट्रॉनांचं वागणं बदलतं. प्रबंधाच्या शीर्षकात हे लिहून मोकळी झाले होते. आज पाहिलं.

डबा खोलीवर विसरलेला. काकांनी त्यांची अर्धी भाकरी दिली, वर ठेचा. डोळ्यांतून पाणी. ठेच्यामुळे.

बुध., ७ जाने.

गाइड सरांना दाखवलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिलं. "हे पाचवं प्रकरण," म्हणाले. एवढंच. मग स्वतः जाऊन चहा सांगून आले. सात वर्षांत पहिल्यांदा.

प्रबंध ३१ ला द्यायचा. माझी रजाही ३१ पर्यंत. २ फेब्रु. ला साताऱ्याच्या कॉलेजात हजर, बी.एस्सी. पहिल्या वर्षाला साधा लंबक. चोवीस दिवस आहेत. पुरतील.

गुरु., ८ जाने.

उसाच्या ट्रॅक्टरची जोडगाडी मागच्या रस्त्यानं गेली, गाणं पूर्ण आवाजात. फरशी थरारली. टिप ग्रॅफाइटवर आपटली. बाद टिपांच्या डबीत टाकली. तशी तिनं आपलं काम केलं होतं.

रोज सकाळी ग्रॅफाइटचा वरचा पापुद्रा चिकटपट्टीनं सोलतो, ताजा पृष्ठभाग मिळावा म्हणून. हा तुकडा आता सोलायचा नाही. काचेच्या बरणीत ठेवला. चिठ्ठी: "सोलू नये. रूपाली." खाली काकांनी पेन्सिलीनं लिहिलं: "हात सुदीक लावू नये."

रवि., ११ जाने., रहिमतपूर

आईला मोबाइलवर चित्र दाखवलं.

"हे आणू?"

"बारीक ठिपके अणू. मोठे ठिपके म्हणजे दोन थर एकमेकांवर तिरके बसल्यानं उठलेली नक्षी."

"आपल्या मच्छरदाणीगत. दोन पदर एकावर एक आले की अशाच चांदण्या उठत्यात."

हे समजावायला मी प्रबंधात साडेचार पानं घालवली आहेत.

आप्पांनी चित्र हात लांब करून पाहिलं, मग जवळ घेऊन पाहिलं. तोफखान्यात सत्तावीस वर्षं; अजूनही कागद नकाशासारखा फिरवून पाहतात.

"म्हंजे झालीस डॉक्टर."

"अजून लिहायचंय, आप्पा. मग परीक्षक. मग तोंडी."

"लिहायला किती वेळ लागतुय. टार्गेट तर लागलं ना?"

"लागलं."

दुपारपर्यंत त्यांनी चार जणांना फोन केले. सगळे निवृत्त फौजी, सगळे कमी ऐकतात, त्यामुळे आप्पांचं बोलणं वेशीपर्यंत पोचलं असणार. मी आतल्या खोलीत ऐकत पडले होते. थांबवावंसं वाटलं नाही.

सोम., १२ जाने., सांगली

सकाळच्या गाडीनं परत. कराडपर्यंत उभी. प्रकरण पाचची नऊ पानं झाली. लिहिताना अडखळत नाही आहे. पूर्वी प्रत्येक वाक्याला 'बहुधा' लागायचं. आज एकदाही नाही.

मंगळ., १३ जाने., भोगी

टिप हवी म्हणून काकांच्या टेबलाकडे गेले. ते स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्यानं एक तार धरून बसले होते. तार लाल झाली. फुंकर घातली. नव्या टिपांच्या डबीत टाकली. डावीकडे बाद डबी, उघडी, जवळजवळ रिकामी.

"काका, काय करताय?"

"शेकतोय. समदी घाण जळून जाती."

"बाद टिपा?"

"बाद म्हंजे काय, मळलेल्या. शेकल्या की नव्यावाणी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं आसंल. प्लॅटिनम हाय म्याडम. टाकवत न्हाई."

काका आटपाडीकडचे. तरुणपणी गावच्या इतरांसारखे गलाईला गेले: जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम, दक्षिणेत कुठल्याशा बाजारपेठेत, एकोणीस वर्षं. त्या दुकानांत फरशी झाडलेली धूळही फेकत नाहीत. बसायची सतरंजी वर्षअखेर जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, अभिमानानं. मीही कौतुकानं ऐकलं होतं.

शेकल्यानं घाण जाते. आपटून फाकलेलं टोक सरळ होत नाही.

टोकं दोन असली तर एकाच वेळी दोन जागांची चित्रं निघतात आणि एकावर एक पडतात. दोन्ही टोकं एकाच सलग पृष्ठभागावर असली तर चित्र साधं दिसतं, जसं माझ्या पहिल्या तीन चित्रांत दिसलं. पण एक टोक एका भागावर आणि दुसरं शेजारच्या, वेगळ्या दिशेनं बसलेल्या भागावर गेलं की जाळीवर जाळी. ग्रॅफाइटमध्ये काही नसताना. उंचवटेसुद्धा टिपेच्या आकारानं येऊ शकतात.

गेल्या मंगळवारची टिप डबीतली होती.

"काका, गेल्या मंगळवारी दिलीत ती नवी होती की शेकलेली?"

खूप विचार केला त्यांनी. "सोन्याची वळख ऱ्हाती. ह्या तारंची न्हाई ऱ्हात."

मग मी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. सोनं आणि ही तार यांतला फरक, इतकी वर्षं, वगैरे. आवाज चढला होता. काकांनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर बंद केला, किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि चार वाजताच घरी गेले.

खरं म्हणजे टिप कुठलीही असो, टोक एक की दोन याची तपासणी आधी करायची असते. त्यासाठी माहितीचा नमुना ठेवलाय. मंगळवारी केली का? वही पाहिली. नोंद नाही. केली नव्हती. घाई.

घरमालकीण काकूंनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी दिली. सगळी खाल्ली.

बुध., १४ जाने., संक्रांत

सकाळपासून स्वतः टिपा कापल्या. अकरा. अकराही आवाज करून तुटल्या. बोटाला चिकटपट्टी.

तीनला काका आले. शर्ट इस्त्रीचा. कागदाची पुडी टेबलावर ठेवली. तिळगूळ. उभेच राहिले.

"घ्या. आणि आता ग्वाड बोला. काल लय कडू बोललासा."

"चुकलं, काका."

"माझंबी चुकलं. पर इचारायला पायजे हुतं का न्हाई? तीन म्हैनं डबी भरल्याली दिसतीया, एकानं इचारलं न्हाई, नामदेव, ह्या येत्यात कुठनं."

ते खरं. महिन्याला फुटभर तार मागवायचो. दिवाळीनंतर मागवलीच नाही. सरांनी काटकसरीबद्दल माझं कौतुकही केलं होतं.

माझ्या अकरा टिपा त्यांनी भिंगातून पाहिल्या.

"हे काय, कोथमीर चिरलीया?"

काकांनी ड्रॉवर उघडला, कात्री काढली. श्वास रोखला. आवाज नाही. एक, दोन, तीन. तिन्ही वेगळ्या बाटलीत. बाटलीवर तारीख मी लिहिली. जुनी डबी त्यांनी स्वतः दोरा गुंडाळून बांधली आणि कपाटावर ठेवली. फेकली नाही. मीही फेका म्हणाले नाही.

गुरु., १५ जाने.

सरांना सांगितलं. उभ्यानंच.

ते म्हणाले, "शक्यता किती?"

"माहीत नाही."

"परीक्षक विचारणार नाहीत."

"नाहीत विचारणार."

"नमुना तोच आहे ना? मग पुन्हा शोध."

"टिप बदलायला मायक्रोस्कोपचं डोकं उचलावं लागतं. ठेवताना जागा निदान पाव मिलिमीटर सरकते. आपलं चित्र एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं. एका दिशेला अडीच हजार चित्रं, दुसऱ्या दिशेलाही."

सरांनी गुणाकार केला नाही. खिडकीबाहेर पाहिलं. "ते प्रकरण न घालता दिलंस तरी पदवी मिळेल," म्हणाले. "बारीक प्रबंध होईल. पण होईल."

मग थोड्या वेळानं: "घालूनही मिळेल."

शुक्र., १६ जाने.

सर सकाळी स्वतः लॅबमध्ये आले. काका स्टुलावरून उठले. सरांनी बसा म्हणून खूण केली.

"माझ्या प्रबंधातली आकृती क्रमांक सात," सर म्हणाले, "मी अजून उघडून पाहत नाही. बाकी सगळा प्रबंध चांगला आहे. लोक त्याचा दाखला देतात. सातचाही देतात."

एवढं बोलून गेले.

काका: "काय म्हनले?"

"शोधा म्हणाले."

"मग त्येवढं बोलायला आकृती कशाला?"

पाचवं प्रकरण फोल्डरमधून काढलं. वेगळं ठेवलं. शोध सुरू. ग्रॅफाइटवर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसणारी एक पायरी आहे. सहा तारखेला तिच्या जवळपास होते, वहीत तेवढी नोंद आहे. पायरीच्या कडेकडेनं जायचं. दिवसाला चाळीस चित्रं निघतात, ट्रॅक्टर नसतील तर. ट्रॅक्टर आहेत.

आज सतरा. त्यांतल्या नऊंवर आडवे पट्टे.

शनि., १७ जाने.

पट्ट्यांतलं अंतर मोजलं. दोन प्रकार. एक इंजिनाचा, एक गाण्यातल्या ढोलाचा. ढोलाचा जास्त वाईट.

दुपारी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. दोन ट्रॅक्टर माझ्याकडे न बघता गेले. तिसरा थांबला. ड्रायव्हर चाळिशीचा, डोक्याला टॉवेल.

"काय झालं ताई? ऊस पायजे?"

ऊस नको, हळू जा, असं सांगितलं. आत यंत्र आहे.

"मी हळू ग्येलो तर मागचा माझ्या डोस्क्यावर चढंल. कसलं यंत्र?"

"अणू बघायचं."

"दिसतुय?"

"दिसतो."

"कसा हाय?"

"गोल. सगळे सारखे."

"मग एक बघितला की झालं की वो. रोज काय बघताय?"

मागून हॉर्न वाजायला लागले. तो म्हणाला, "ट्रॅक्टर बंद करता येत न्हाई, गाणं करतो. ह्या गेटापासनं त्या पिंपळापतोर." आणि उसाची दोन कांडी काढून दिलीच.

चारच्या फेरीला तो गेला तेव्हा काका खिडकीत होते. "गाणं न्हाई," म्हणाले. पडद्यावर ढोलाचे पट्टे नाहीत. इंजिनाचे आहेत, पण ते गणितानं पुसता येतात.

रवि., १८ जाने.

घरी गेले नाही. दुपारी आप्पांचा फोन.

"फोटो पाठव. पासपोर्टवाला नगं, हसरा."

"कशाला?"

"सव्वीसला आपल्या फौजी मंडळाचं झेंडावंदन. गुणवंतांचा सत्कार. तुझा पयला नंबर."

"आप्पा, ऐका. अजून काही नक्की नाही."

"हॅलो. हॅलो. नेटवर्क न्हाई."

नेटवर्क होतं. मागं आईचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: "तिला कशाला इचारताय, माझ्याकडं हाय की, भावजींच्या सुलीच्या लग्नातला."

परत फोन करायला हवा होता. चित्र ७२ चालू होतं. केला नाही.

मंगळ., २० जाने.

आजवर १५१ चित्रं. साध्या अणूंचे डोंगर. ती जागा नाही.

नवी टिप प्रत्येक वेळी आधी तपासते. काका शेजारी उभे राहून विचारतात, "एक का दोन?" मी एक म्हटलं की ते वहीत स्वतः '१' लिहितात आणि सही करतात. आज एक टिप दोन टोकांची निघाली. त्यांनी '२' लिहिलं, सही केली, टिप बांधलेल्या डबीशेजारी ठेवली.

गुरु., २२ जाने.

३.१०. पायरीपासून बरीच लांब, जिथं शोधत नव्हते तिथं. जाळीवर जाळी.

तीच नव्हे. ठिपक्यांतलं अंतर सात नॅ.मी. म्हणजे कोन दोन अंश. दुसरीच जागा.

टिप सकाळची, नवी, एक टोक, काकांची सही.

गणित सांगतं: कोन लहान, तर उंचवटे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. आधी पाणी प्याले. ठिपक्यावर टिप, व्होल्टेज. पहिला आलेख नुसता खरखरीत. दुसरा, तिसरा तसेच. चौथ्यात दोन उंचवटे. जवळ. सहा तारखेच्या अंतराच्या निम्म्याहून थोडं जास्त. जेवढं हवं जवळपास तेवढं.

पाचवा घेताना एक उंचवटा होता की नव्हता सांगता येत नाही. सहाव्यात काहीच नाही. मग ट्रॅक्टर गेला. गाण्याचा. आपला नव्हे. टिप सरकली आणि जागा हरवली.

सहात एक.

काका: "सापडलं?"

"एकदा."

"एकदा म्हंजे हाय."

"एकदा म्हणजे एकदाच, काका."

"सोनंबी पयल्यांदा एकच कण दिसतं," म्हणाले, आणि लगेच, "पर त्येवढ्यावर भाव कुनी देत न्हाई, ह्येबी खरं."

खोलीवर परत येताना पाय हलके होते. का, ते कळलं नाही. प्रबंधाच्या दृष्टीनं आज काहीच झालं नाही.

शुक्र., २३ जाने.

सरांनी सहाही आलेख एकाखाली एक लावून पाहिले.

"चौथा सुंदर आहे."

"हो."

"तुला काय वाटतं?"

"खरं आहे असं वाटतं. आधीचंही खरं असेल असं आता जास्त वाटतं. लिहिता येणार नाही."

ते हसले. मुदतवाढीचा अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. कोरा, पण त्यावर माझं नाव त्यांनी आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं. कधी लिहिलं ते विचारलं नाही. सहा महिने. २ फेब्रु. पासून सोम. ते शुक्र. साताऱ्याला लंबक, शनि.-रवि. सांगली. सर म्हणाले, जूनपर्यंत साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला असेल.

सही केली. काकांनी विचारलं, कसली. सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे शनवारी मला यावं लागनार." त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी अजिबात नव्हती.

आता घरी सांगायचं.

शनि., २४ जाने., रहिमतपूर

गाडी पन्नास मिनिटं उशिरा. स्टेशनवरून रिक्षा. चौकात रिक्षावाल्यानं वेग कमी केला, मागं वळून माझ्याकडं पाहिलं, वर पाहिलं.

"तुमीच व्हय?"

फ्लेक्स. दहा बाय आठ असेल. सुलीच्या लग्नातली मी, नथीसकट. मागं एक रॉकेट आणि एक तिरंगा. "डॉ. रूपाली माने. अणू डोळ्यांनी पाहणारी तालुक्याची पहिली कन्या. हार्दिक अभिनंदन." खाली गोल चौकटींत सात माजी सैनिक, सगळे टोपीत, मधोमध आप्पा. शुभेच्छुक.

रिक्षावाला: "फोटू चांगला आलाय."

मी म्हटलं, हो.

घरी आप्पा अंगणात बूट पॉलिश करत बसलेले, परवासाठी. "बघितलास?" "बघितला." "रॉकेटचं मीच सांगिटलं." आईनं पुरणाचा घाट घातलेला. आज बोलले नाही.

रवि., २५ जाने.

सकाळी बोलले. आप्पा, आई आणि मी, चुलीपाशी. सगळं सांगितलं: टिप, डबी, दोन टोकं, सहात एक, अर्ज.

आई म्हणाली, "म्हंजे त्या नामदेवानं?"

"नाही. तपासायचं मी होतं."

आप्पांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग माझ्याशी नव्हे, चुलीशी बोलल्यासारखं:

"तोफ आमी डागायचो. गोळा कुटं पडला ते आमाला दिसायचं न्हाई. पुढं टेकडीवर एकजण दुर्बीण घिऊन बसल्याला असायचा, त्यो वायरलेसवर सांगायचा. एकदा एका पोरानं तोफेवरनंच 'लागला, सर' म्हनून रिपोर्ट दिला. त्याला मेजरसाबनं दोन म्हैनं लंगरमधी कांदं चिरायला लावलं."

"लागला होता का?"

"लागला हुता. तरीबी कांदं."

आई हसली. मीही.

"तुझ्याकडं टेकडीवर कोन हाय?"

"नवी टिप. पुष्कळ वेळा. शिवाय पुण्याच्या एका लॅबला तुकडा पाठवणार आहे. ते आपलं चित्र न बघता बघतील."

"किती दिस?"

"जुलैअखेरपर्यंत. जास्तही लागेल. आणि नाहीही निघणार कदाचित, आप्पा. तसंही होऊ शकतं."

त्यांनी चहा संपवला. कप धुऊन पालथा घातला. घरात कप धुणारे ते एकटेच पुरुष, तेही फौजेमुळे.

"मंडळात काय सांगू?"

"खरं तेच."

"अणू तर बघितलास ना? त्यात काय लबाडी न्हाई?"

"नाही. अणू रोज बघते."

"मग खालची वळ बरूबर हाय."

"वरची नाही."

"हां. फ्लेक्स उतरवायचा म्हनतीस?"

"उतरवा."

"बाकीच्या सा जनांचं फोटू हायत त्याच्यावर. शंकरनानाचा तर जिंदगीत पयला."

आई म्हणाली आधी जेवा. पुरणपोळी अर्धी जास्त खाल्ली. दुपारी आप्पा कागद, कात्री, डिंक शोधत घरभर फिरत होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू तुझं बघ."

संध्याकाळी काकांचा फोन. उद्या सुट्टी आहे, पण किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि झेंडावंदनामुळे दुपारपर्यंत रस्ता मोकळा असणार; गाण्याच्या ट्रॅक्टरांचं त्यांनी विचारून ठेवलंय. येते म्हटलं; सत्काराला थांबत नाही, असं आप्पांना सांगितलं.

सोम., २६ जाने.

पाच वाजता आप्पा शिडी खांद्यावर घेऊन चौकात गेले; शंकरनाना शिडी धरायला होते. 'डॉ.' वर पांढरा कागद लावला, फक्त वरच्या कडेनं डिंक लावून. खालची कड मोकळी ठेवली, पुढं वर उचलता येईल अशी. मी ६.२० च्या गाडीनं निघाले.